मोकळ्या रस्त्यावरचा चाळीस

क्लाइव्ह हॉब्डे हा बर्मिंगहॅमचा, घरोघरी गालिचे बसवणारा. माणूस सरळ, पण मोटरवेवर, म्हणजे वेगवान महामार्गावर, आला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. गर्दी पाहून वरच्या कमानींवर वेगमर्यादेचे आकडे बदलत. कमानीवरच्या कॅमेऱ्याखाली स्वारी गोगलगाय, कमान मागे पडली की पुन्हा सुसाट! आपल्यापैकी किती जण हेच करतात, खरं सांगा.

त्या रविवारी तो सासूबाईंना व्हॅनमध्ये घेऊन आपल्या लेकीकडे जेवायला निघाला होता. मॅव्हिसबाई मांडीवर सफरचंद भरून भाजलेल्या ‘ॲपल पाय’चं ताट सांभाळून बसल्या होत्या. एवढ्यात कमानीवर ताशी चाळीस मैलांचा आकडा उजळला.

"बघा आई! पुढे चिटपाखरू नाही आणि म्हणे चाळीस! कंट्रोल रूमवाले चहाला गेले असतील, पाटी बंद करायची विसरून."

"विसरलेही असतील. नाहीतर पुढे काहीतरी झालं असेल."

"मला दिसतंय ना समोरचं!"

"तुला वळणापर्यंतचं दिसतंय. त्यांना वळणापलीकडचं दिसतं. ताट गरम आहे म्हटलं, तर तू बोट लावून बघतोस का?"

"जेवण गार होईल हो!"

"होऊ दे. गार जेवेन मी. पण जेवेन तरी!"

कमान मागे पडली. सवयीने क्लाइव्हचा ॲक्सिलरेटरवरचा पाय खाली जाऊ लागला. मॅव्हिसबाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"बरं बाई, चला रांगत!" तो चिडून म्हणाला. शेजारून गाड्या हॉर्न वाजवत पुढे जात होत्या.

वळण आलं. त्याच्याच लेनमध्ये एक निळी गाडी बंद पडली होती! एक बाई मागच्या दारातून आत वाकून लेकराच्या सीटचा अडकलेला पट्टा ओढत होती. बाजूची लेन वाहनांनी भरलेली. क्लाइव्हने ब्रेक दाबला. व्हॅन थांबली, मध्ये एका गाडीइतकी जागा राखून. त्याने चारी दिवे लुकलुकते ठेवले. पट्टा सुटला, आणि दोघेही मायलेकरांना घेऊन कठड्यापलीकडे गेले. थोड्याच वेळात मागच्या कमानीवर लाल फुली पेटली, लेन बंद झाली.

"देव तुमचं भलं करो," ती बाई लेकराला छातीशी धरून म्हणाली. "सगळे सुसाट जात होते. तुम्ही एकटेच हळू आलात."

क्लाइव्हची मान खाली गेली. नेहमीच्या वेगात तो आला असता तर? तो विचारही त्याला सोसवेना.

"माझे आभार मानू नका, ताई. मी वेग वाढवणारच होतो. ह्यांनी अडवलं."

"मी नुसतं पाहिलं," मॅव्हिसबाई शांतपणे म्हणाल्या. "पाय त्याचाच होता."

त्या दिवसापासून क्लाइव्हने दोन कमानींच्या मधलं धावणं सोडलं. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी तो म्हणतो, "वाजव बाबा!"

मंडळी, ती पाटी कॅमेऱ्याच्या धाकाने पाळायची नसते. आपल्याला न दिसणारं कुणीतरी पुढे जिवाच्या आकांताने लेकराचा पट्टा सोडवत असतं, त्याच्यासाठी पाळायची असते.