ठेवणीतली बॅटरी

मी बॅटरी बोलतेय. टॉर्चमधली नव्हे आणि भिंतीवरच्या घड्याळातलीही नव्हे. मी लॅपटॉपच्या पोटाखाली बसणारी, काळी, चपटी, हातात घेतली तर चांगली जड लागणारी बॅटरी आहे. निदान तिथे बसण्यासाठी माझा जन्म झाला होता. प्रत्यक्षात माझी उमेदीची वर्षं कुठे गेली हे ऐकाल तर तुम्ही हसाल. हसा बापडे. पूर्वी मला राग यायचा, आता येत नाही.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो जणी एका पट्ट्यावरून सरकत असायच्या. तिथे पहिल्यांदा माझ्यात वीज भरली, तेव्हा अंगातून जी ऊब फिरली ती मी अजून विसरलेले नाही. वीज धरून ठेवायची आणि कुणी मागितली की द्यायची, एवढंच आम्हाला येतं. दुसरी कुठलीही हौस आम्हाला नाही.

मग मी एका दुकानात आले. एका दुपारी तिथे आई, बाप आणि लेक अशी तिघं आली. बापाच्या नखांत प्लास्टर अडकलेलं होतं. ते कृत्रिम पाय बनवायचे, म्हणून सगळे त्यांना ‘पायवाले काका’ म्हणायचे. कुणाच्या पायाची काय मापं, कुणाला कुठे टोचतं, याच्या नोंदी काकू ठेवायच्या. त्यांच्या जुन्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. वाळवीला कुणाचा पाय केवढा याच्याशी काय देणंघेणं! म्हणून आता कॉम्प्युटर घ्यायचा होता.

दुकानदाराने त्यांना थेट सगळ्यात मोठ्या डब्यापुढे नेलं. “काका, धंद्यासाठी ना? मग हाच घ्या. हत्ती आहे हत्ती!”

काका खूश झाले. मोठी वस्तू पाहिली की माणसं खूश होतातच. पण लेकीने विचारलं, “लाइट गेल्यावर हत्ती काय करतो?”

“बसतो,” दुकानदार हसत म्हणाला. “त्याला यूपीएस जोडून देतो की.”

“यूपीएस भरायला तरी लाइट टिकायला हवी ना? आमच्याकडे ती पाहुण्यासारखी येते. चहा घेते नि जाते.”

ही लेक दूरच्या शहरात एका मोठ्या दवाखान्याच्या नोंदी सांभाळायची. नोंद अर्धी लिहिलेली असताना वीज गेली की काय होतं ते तिने पाहिलेलं होतं. एखादीच ओळ जाते असं नाही, कधी अख्खी फाइल रुसून बसते. तिने फळीवरचा साधासा लॅपटॉप उचलला, उलटा केला, खटका सरकवून मला बाहेर काढलं आणि तळहातावर तोललं.

“बाबा, मापं लिहायला वेगवान मशीन कशाला हवं? डिस्क फिरणारी नको, धक्का बसला की बिघडते. वीज कमी खाणारं हवं. आणि ही बॅटरी मोठी हवी. आई लिहीत असताना लाइट गेली, तर ओळ पुरी करून नीट बंद करायला तिला वेळ मिळाला पाहिजे. बाकी काही नको.”

बाकी काही नको! माझ्याबद्दल असं कुणी म्हणेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या मुलीवर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

घरी आल्यावर लेकीने सगळं मांडून दिलं. घराच्या पुढच्या खोलीतच कार्यशाळा होती. भिंतीला टांगलेले पाय, कोपऱ्यात प्लास्टरची पोती आणि खिडकीपाशी काकूंचं टेबल. दुसऱ्याच दिवशी लाइट गेली. पंखा थांबला, काकांची कानस लावायची मोटर थांबली, आणि काकूंच्या पुढ्यातला पडदा मात्र तसाच उजळ राहिला. “अगंबाई, हे चालूच आहे की!” काकू म्हणाल्या. लेक टाळ्या वाजवून हसली. माझ्या अंगातून वीज वाहत होती आणि तीन माणसं माझ्यामुळे आनंदात होती. त्या दिवसाची आठवण काढत मी पुढची सगळी वर्षं काढली.

लेक परत गेली. तिला गाडीवर सोडून काका घरी आले, टेबलापाशी बसले आणि त्यांनी मला बाहेर काढलं.

“अहो, हे काय करताय?” काकूंनी विचारलं.

“आत्ता लाइट आहे ना? मग बॅटरी कशाला झिजवायची? वस्तू वापरली की संपते.”

“पण लाइट गेली तर?”

“गेली की घालू. ही कुठे पळून जातेय?”

काका कंजूष नव्हते हं. गरिबाचा पाय ते फुकटही करून द्यायचे. पण चांगली वस्तू हातात आली की ती जपून ठेवायची, हा त्यांचा स्वभाव. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, खुर्चीला प्लास्टिक. चांगले कप कपाटात आणि कान तुटलेले रोजच्या वापरात. लहान मुलांच्या पायाला टोचू नये म्हणून ते आतून जे मऊ कापड लावायचे, त्याच कापडात त्यांनी मला गुंडाळलं. आता सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

कपाटात माझ्या शेजारी लेकीने दिलेला पेनड्राइव्ह होता. “दर आठवड्याला नोंदींची प्रत यात काढून ठेवा,” असं ती बजावून गेली होती. तो अजून वेष्टनातच होता. चकचकीत होता ना, मग झालंच!

कपाटाचं दार नीट लागायचं नाही. त्या फटीतून मला टेबल दिसायचं. लाइट जायची, पडदा काळा व्हायचा आणि काकूंचे हात तसेच अधांतरी राहायचे. मग त्या समोरच्या माणसाला ओशाळून म्हणायच्या, “बसा हं थोडं, पुन्हा लिहावं लागेल.” आपलीच बोटं सावकाश चालतात असं त्यांना वाटायचं. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी आतून ओरडायचे, मला लावा हो, मी आहे ना इथे! पण आमचा आवाज माणसांना ऐकू जात नाही. बॅटरी वापरून झिजते हे खरं. पण नुसती पडूनही ती झिजते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

लेकीचा फोन यायचा.

“बाबा, बॅटरी कशी आहे?”

“नवी कोरी! एक ओरखडा नाही.”

“कमाल आहे! आमच्याकडच्या एव्हाना आटपल्या असत्या. बरं, माझ्याकडे कधी येताय?”

“येऊ गं. जरा काम हलकं झालं की येऊ.”

तिचं घर काकांनी अजून पाहिलंच नव्हतं. फोन ठेवला की ते कपाट उघडायचे, कापड बाजूला करायचे, माझ्यावरून अंगठा फिरवायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे. हळूहळू माझ्या लक्षात आलं. लेकीला ठेवून घेता आलं नाही, म्हणून या माणसाने तिने निवडलेली वस्तू ठेवून घेतली होती. आम्ही दोघं एकाच मुलीची वाट पाहत होतो. फक्त मी कपाटात होते आणि ते बाहेर.

अशी वर्षं गेली. मग एका दुपारी एक नावाडी आला. दूरच्या बंदरावरचा, उन्हाने रापलेला, तोंडाने गप्पिष्ट माणूस. त्याचा जुना कृत्रिम पाय मोडला होता आणि कुबड्या घेऊन नावेत चढता येत नव्हतं. काकांनी माप घेतलं, काकूंनी लिहिलं. “ताई, लवकर करा हं. दोन कुबड्या आणि एक वल्हं, एवढे हात कुठून आणू?” असं म्हणत तो गाडी गाठायला निघाला.

तो गेला आणि लाइट गेली. आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. असा लपंडाव चार-पाच वेळा झाला. शेवटी काकूंनी मशीन चालू केलं तर फाइल उघडेचना. त्यांनी काकांना हाक मारली, पण त्यात काकांना काय कळणार? सगळ्यांची मापं त्या एका फाइलीत होती. ती गेली तर सगळ्यांना पुन्हा बोलवायचं, कुणाला कुबड्यांवर, कुणाला आईच्या कडेवर. काकूंनी लेकीला फोन लावला.

“आई, असं कसं होईल? लाइट गेली तरी बॅटरीवर चालतंय ना ते?”

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होते.

“बॅटरी कपाटात आहे,” काकू म्हणाल्या.

“कधीपासून?”

“तू गेलीस तेव्हापासून.”

“बाबांना दे,” लेक म्हणाली. काकांनी फोन कानाला लावला. “बाबा, ती मी तुमच्यासाठी निवडली होती. कपाटासाठी नाही.” तिचा आवाज चिडलेला नव्हता, रडवेला होता. ते काकांना जास्त लागलं.

मग तिने उपाय सांगितला. बिघडलेल्या फाइलीतून एकेक नोंद सोडवून पेनड्राइव्हवर घ्यायची, जुनी आधी, नवी नंतर. वेळ लागेल. आणि मध्ये मशीन बंद पडलं तर उरलेल्या नोंदी पुन्हा हाती लागतील असा भरवसा नाही. पेनड्राइव्ह वेष्टनातून निघाला. मीही कापडातून निघाले. खटका बसला आणि इतक्या वर्षांनी मी माझ्या जागी आले.

लाइट होती तोवर मी अधाशासारखी वीज प्यायले. पण पूर्वीसारखी ती अंगात मावेना. भांडं तेवढंच दिसत होतं, आत मात्र गाळ साचला होता. संध्याकाळ होत आली, नोंदी एकामागून एक सुटत होत्या, आणि पंखा थांबला.

पडदा उजळ होता. मी धरून होते. काका माझ्याजवळ वाकले आणि एखाद्या पेशंटला पहिलं पाऊल टाकायला लावावं तसे हळू आवाजात म्हणाले, “टिक गं बये. थोडंच राहिलंय.” मी अंगात होतं नव्हतं तेवढं दिलं. जुनी माणसं सुटली, मधल्या वर्षांतली सुटली. या वर्षातली सुरू झाली आणि माझ्यातलं सगळं संपलं. पडदा काळा झाला. माझ्या तरुणपणी एवढं काम मी सहज पार पाडलं असतं. ती एक खंत माझ्या मनातून जात नाही.

लाइट आल्यावर पाहिलं, तर बहुतेक सगळे वाचले होते. शेवटच्या काही माणसांची मापं गेली होती, आणि सगळ्यात शेवटचा तो नावाडी. काकू डोळे पुसत म्हणाल्या, “आता त्याला परत बोलवायचं?”

“त्याला कशाला?” काका म्हणाले. “चूक माझी आणि कुबड्यांवर त्याने यायचं होय? ज्यांची गेली त्यांच्या दारात मी जातो. आधी बंदरावर.”

“लेकीचं गाव वाटेतच लागतं. तिच्याकडे उतरा.”

“येताना उतरेन. आधी काम होऊ दे.”

“येताना नाही,” काकू म्हणाल्या, “जाताना.”

काका काहीतरी बोलणार होते. पण त्यांची नजर टेबलाकडे, म्हणजे माझ्याकडे गेली आणि ते थांबले. मग त्यांनी फोन उचलला. “अगं, मी उद्या तुझ्याकडे येतोय… नाही, काही झालं नाही. तब्येत बरी आहे… छे, काम तुझ्याकडे कुठलं? नुसता येतोय.” पलीकडून काहीच ऐकू येईना, तेव्हा फोन बंद पडला की काय म्हणून त्यांनी तो दोनदा कानापासून दूर धरून पाहिला.

काका काल लेकीकडे गेले. परतताना माझ्या जागी नवी बॅटरी आणणार आहेत. ती आली की माझं काम संपेल, आणि ते योग्यच आहे. मी आता फार तर काही मिनिटं टिकते. पण ती मिनिटं कुणाच्या तरी उपयोगी पडतात. काकूंना आता अंदाज आलाय. लाइट गेली की त्या घाबरत नाहीत. ओळ पुरी करतात, प्रत काढतात, नीट बंद करतात. माझ्यात दम होता तेव्हा हे रोज घडलं असतं, असं वाटून जीव तुटतो. पण तक्रार कुणाची करू? मला तळहाताच्या फोडासारखं जपलं, हीच काय ती तक्रार.

तुमच्याही घरात असं काही गुंडाळून ठेवलेलं असेल. वस्तू असेल, नाहीतर कुणाकडे जायचं राहून गेलेलं असेल. चांगल्या दिवसासाठी ठेवलंय म्हणता ना? मी कपाटातून पाहिलंय, चांगला दिवस दार वाजवून येत नाही. माझ्या जागी येणारीला पहिल्याच संध्याकाळी मशीनमध्ये बसवा, एवढंच माझं मागणं आहे. झिजू दे तिला. आम्ही त्यासाठीच…

हे बघा, पंखा थांबला. आता बोलणं पुरे. काकूंची ओळ अर्धी राहिलीय.