ओठ हलवणारा मामा

आमच्या चर्चच्या गायनवृंदात मी अकरा वर्षं मागच्या रांगेत उभा आहे, आणि अकरा वर्षं मला फक्त ओठ हलवण्याची परवानगी आहे. "मामा, तुमची श्रद्धा खणखणीत आहे," गायनमास्तर म्हणाले होते, "आवाज तेवढा देवालाच ऐकू द्या." मी वाईट वाटून घेतलं नाही. उंची बरी आहे. रांग भरलेली दिसते.

माझा भाचा मात्र खरंखुरं गातो. त्याची भक्तिगीतं दूरदूरचे लोक ऐकतात. त्या रविवारी, जिथे त्याचा बाप्तिस्मा झाला त्या आमच्या चर्चमध्ये, तो पहिल्यांदाच स्वतःचं गाणं म्हणणार होता. गाण्याआधी दोन शब्द साक्ष द्यायची आमची पद्धत. त्यात तो सांगणार होता, की त्याचा संसार एका पुरुषाबरोबर आहे आणि हे गाणं दोघांच्या प्रार्थनेतून आलंय.

वृंदाने ठरवलं : हे बोललास, तर पालुपद आम्ही म्हणणार नाही. पाळकसाहेबांनी ठामपणे सांगितलं, की त्यांनी अजून काहीच ठरवलेलं नाही.

गाणं तर पालुपदावरच उभं. देवाच्या वतीने तो विचारतो, "कुठे आहेस तू?" आणि सगळ्यांनी म्हणायचं, "प्रभू, मी इथे आहे."

मागच्या खोलीत त्याच्या येरझारा चालल्या होत्या. बुटाची नाडी तिसऱ्यांदा सोडून बांधली. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, वृंदाचा झगा अंगात चढवत म्हणाली, "एवढं एक वाक्य गिळलंस तर काय बिघडेल रे?"

"दहा वर्षं गिळलंच की, आई. गळा एकच आहे. तिथे काही अडकलं की गाऊ कुठून?"

"आणि कोणी उत्तरच दिलं नाही तर?"

"तर यापुढे चर्चमध्ये गाणार नाही. घरी गाईन. देव घरीही येतो."

"येतो," मी म्हटलं, "पण तुमच्याकडे खुर्च्या दोनच आहेत."

"मामा, गप्प बसा हो जरा!"

"अकरा वर्षं तेच करतोय."

त्याने साक्ष दिली. एक शब्द गाळला नाही. कोणीतरी खोकलं, मग खोकल्याची साथच आली. पाळकसाहेबांना अचानक चष्मा पुसावासा वाटला.

तो पियानोवर बसला. पहिलं कडवं संपलं. "कुठे आहेस तू?" तो गायला आणि थांबला. वृंद ढिम्म. मास्तरांचे हात पाठीमागे. पियानोखाली भाच्याचा पाय भराभर हलत होता.

आता प्रश्न देवाचा, आणि मी तर तिथेच उभा. नाही कसं म्हणू?

"प्रभू, मी इथे आहे!" मी म्हटलं. मोठ्याने.

सूर कुठे लागला, कोण जाणे. एक तान्हं बाळ भोकाड पसरून रडलं. "वर, दादा, वर!" पुढच्या रांगेतून बहीण कुजबुजली आणि मला वर ओढायला स्वतःच गाऊ लागली. मग मला झाकायला शेजारचा. मग अख्खी रांग.

"आम्ही फक्त सूर सावरला," मास्तर दातओठ खात पुटपुटले. "भलता अर्थ काढू नका."

"छे हो."

भाच्याने दुसरं कडवं धरलं. पाय अजून हलतच होता. मास्तरांचे हात पुन्हा पाठीमागे गेले. "कुठे आहेस तू?"

मी नुसता छातीभर श्वास घेतला. मास्तरांचे दोन्ही हात झटकन वर गेले.