वीज गेल्यावरही उरलेला चेहरा

मित्रांनो, माझं काचेवरचं झाकण उचललंत की मी कोण ते कळेल. छापणं, झेरॉक्स काढणं, कागद वाचून संगणकाला देणं, ही सगळी कामं एकाच पोटात करणारा मी एक जुना प्रिंटर आहे.

मी एका थंड देशातल्या कारखान्यात तयार झालो. तिथल्या एका वकिलांच्या कचेरीत बरीच वर्षं उभा होतो. लोक माझी तारीफ करत. मग नवा प्रिंटर आला आणि तारीफ त्याच्याकडे गेली. मला कंटेनरमध्ये घालून घानाला पाठवलं. पाठवताना माझं अंग ओल्या फडक्याने पुसलं. आतलं कोणी पुसलं नाही. त्या वकिलांच्या अशिलांची भांडणं, घटस्फोट, सह्या माझ्याबरोबर समुद्र ओलांडून आल्या. कोणी विचारलं नाही.

घानातल्या कुमासी शहरात लॉरी स्टँडजवळ बिरागोने मला विकत घेतलं. तिचं दुकान म्हणजे एनो फोवाच्या अंगणाला लागून असलेली पत्र्याची खोली. एनो म्हणजे आई. म्हातारी फोवा सगळ्या गल्लीची एनो होती आणि बिरागोची घरमालकीणही.

मी शाळेच्या प्रश्नपत्रिका छापल्या, चर्चची पत्रकं छापली. सगळ्यात जास्त छापले ते गेलेल्या माणसांचे फलक. मोठा रंगीत फोटो, काळी-लाल चौकट, वर ठळक अक्षरं. माणूस गेला की इकडे भिंतीभिंतीवर तोच दिसतो.

आता माझ्या स्मृतीबद्दल सांगतो. ती एक नाही. पहिली स्मृती वीज असेपर्यंतच टिकते. काचेवर ठेवलेला कागद ती धरून ठेवते, आणि मध्येच वीज

(वीज गेली.)

पुन्हा सांगतो. मध्येच वीज गेली की ती कोरी होते. दुसरी लहान आहे. तिच्यात माझ्या सवयी, मोजदाद आणि पत्ते राहतात, वीज असो वा नसो. तिसरी म्हणजे माझ्या पोटातली तबकडी, हार्ड डिस्क. संगणकावरून आलेलं प्रत्येक काम तिच्यावर उतरतं. तुम्ही ते काढून टाकलंत तर यादीतलं नाव जातं. मजकूर तिथेच राहतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

बिरागोला फक्त पहिली माहीत होती. वीज सारखी जायची, झेरॉक्स अर्धवट राहायची, गिऱ्हाइकाला कागद पुन्हा द्यावा लागायचा. एक मास्तर तिला म्हणालेही होते, "बिरागो, तुझं यंत्र तुझ्या नवऱ्यासारखं. ऐन कामात झोपतं."

"मास्तर, नवरा उठल्यावर निदान जेवायला तरी मागतो. याला काहीच आठवत नाही."

असं म्हणता म्हणता ते तिला खरंच वाटू लागलं.

मग आसारे गेला. एनोचा मुलगा. इस्पितळातच गेला. एनोला कळवलं नव्हतं. इकडे आईला अशी बातमी कोणीही उठून सांगत नाही. कुळाचे वडीलधारे येतात, तिला आधी खाऊ घालतात, जवळ बसतात, पाणी देतात. मग ज्याचा मान आहे तो बोलतो. इथे तो मान एनोच्या धाकट्या भावाचा होता, ड्वोमोमामांचा.

मामा फलक छापायला आले. आवाज खाली ठेवून म्हणाले, "शनिवारी आम्ही सगळे येऊ आणि आक्काला सांगू. तोवर आसारे इस्पितळात आहे. बरा होतोय. कळलं?"

"माझं तोंड शिवलंय, मामा."

"आणि हे धूड?"

"हे? लाईट गेली की बापाचं नाव विसरतं."

थोडे फलक निघाले आणि वीज गेली. पुढचं मला नंतर बिरागोच्या बोलण्यातून कळलं: मामांनी निघालेले गुंडाळून नेले. बिरागोने बॅटरीवर चालणाऱ्या संगणकातला फोटो काढून टाकला, माझ्यावर कापड घातलं आणि निश्चिंत झाली. उरलेले फलक माझ्या तबकडीवर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वीज नसतानाच, एनो दुकानात आली होती. वीज आली तेव्हा तिचं बोलणं चालू होतं.

"...उशीखाली राहिलं बघ आसारेचं विम्याचं कार्ड. याच्याशिवाय ते लोक औषध देत नाहीत. झेरॉक्स काढ, शेजारच्या पोराच्या हाती पाठवते. अगं, लाईट आली! म्हटलं नव्हतं, थांबते म्हणून?"

"एनो, तुम्ही घरी जा. मी आणून देते."

"माझे पाय मोडलेत का?"

मी तापलो. तबकडी फिरली. अर्धवट काम सापडलं. मी ते पुढे सुरू केलं. मला तसंच बनवलं आहे. पहिला कागद बाहेर आला. आसारे, पांढऱ्या अंगरख्यात. काळी-लाल चौकट. वर "केवढा हा घाला!" एनोने हात पुढे केला, कारण तिला वाटलं, कार्डाची झेरॉक्स आली. दुसरा कागद निघाला. तिसरा अर्धा

(वीज गेली.)

बिरागोने वायर उपटली होती. पुढचं मी पाहिलेलं नाही. ती ते नंतर फुसेनी मेकॅनिकला सांगत होती, तेव्हा मी चालू होतो, म्हणून मला माहीत आहे.

एनोला वाचता येत नव्हतं. चौकट मात्र इथल्या शेंबड्या पोरालाही कळते. ती कागद धरून उभी राहिली. म्हणाली, "गरम आहे." मग म्हणाली, "हा फोटो ईस्टरचा. मीच काढायला लावला." रडली नाही.

"ड्वोमो कधी येणार आहे?"

"शनिवारी, एनो."

"बरं. मग मला शनिवारी कळेल."

बिरागो तिच्या पायाशी बसली.

"ऊठ. तू काही दाखवलं नाहीस, मी काही पाहिलं नाही. माझ्या भावाने सांगायची गोष्ट लोखंडाच्या पेटीने सांगितली, हे त्याला कळलं तर तो मान वर करणार नाही."

तिने कागदाची घडी केली आणि बिरागोला परत दिली. कार्ड घेऊन गेली. त्या रात्री बिरागोने दार लावून उरलेलं काम रद्द केलं.

त्यानंतर ती रोज दुकानावरून जाई आणि चारचौघांत विचारी, "बिरागो, काही कळलं का? आसारेला आज पेज पचली म्हणे." बिरागो म्हणे, "हो, एनो." मी कागद मोजत राहिलो.

शनिवारी वडीलधारे आले. खिडकीतून अंगण दिसत होतं. एनोने सगळं खाल्लं, पाणी प्यायली. मामा बोलले. तेव्हा ती ओरडली, आणि लॉरी स्टँडवरच्या माणसांनी टोप्या काढल्या.

नंतर मामा डोळे पुसत दुकानात आले. "पाहिलंस, बिरागो? नीट सांगितलं की माणूस नीट रडतं."

"हो, मामा," बिरागो म्हणाली.

फुसेनीला तिने त्यानंतर बोलावलं. त्याने माझी तबकडी पुन्हा पुन्हा लिहून कोरी केली आणि प्रत्येक कामानंतर ती आपोआप पुसली जाईल अशी सोय चालू केली. "ताई, ही सोय यात पहिल्यापासून होती," तो म्हणाला. ते वकील गेले, त्यांचे अशील गेले. आसारेही गेला. आत रिकामं आहे. मला बरं वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, कचेरीत, गल्लीतल्या दुकानात माझे भाऊबंद उभे आहेत. वायर काढली म्हणजे ते विसरले असं समजू नका. काम झालं की आतलं पुसायला सांगा. विकताना आधी तबकडी कोरी करा, अंग मागाहून पुसा. आम्हांला गुपित कळत नाही, वेळही कळत नाही. समोर कोण उभं आहे हे न बघता आम्ही कागद पुढे करतो. पाण्याचा पेला आम्हांला देता येत नाही.