शेवटचे पान नसलेली पुस्तिका

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे. निळसर करड्या पुठ्ठ्याची, तळहाताएवढी, आणि शेवटचे पान नसलेली. तुम्ही पत्राच्या तळाशी 'ता.क.' लिहिता ना? तशी स्वीडिश भाषेतली सगळी आखूड रूपे माझ्या पोटात आहेत. म्हणजे होती. जी गेली त्यांचीच ही कहाणी आहे.

माझा जन्म एका लहानशा छापखान्यात झाला. शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा म्हातारा मला शिव्या घालत असे, कारण माझ्यात अक्षरांपेक्षा टिंबेच जास्त. शाळेत शिकवणाऱ्या हिल्दुरबाईंनी मला विकत घेतले आणि तीस वर्षे मी त्यांच्या टेबलावर मानाने राहिले. कोणी अडले की बाई म्हणायच्या, "तिला विचार." ती म्हणजे मी. मला भारी अभिमान वाटायचा. मी आहे तोवर कोणाला कोणापुढे तोंड वेंगाडायला नको, असे मी मनाशी म्हणत असे. तो अभिमान आज मला बोचतो.

बाई निवृत्त झाल्या. बूरोस गावातल्या त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आउने राहायला आली. ती फिनलंडची, इथल्या कापड गिरणीत शिलाईला लागलेली. बोलण्यापुरते स्वीडिश तिला येई, पण गिरणीच्या फलकावरची टिंबाटिंबांची भाषा पाहिली की ती रडकुंडीला येई. शेजारणी हसत, म्हणून ती कोणाला विचारत नसे. एका रविवारी बाईंनी तिला जिन्यात गाठले, घरी नेले, कॉफी आणि वेलदोड्याचा बन पुढे ठेवला, आणि मला कायमचे तिच्या हातात दिले.

"किती कंजूष माणसं तुम्ही!" आउने पाने चाळत म्हणाली. "अक्षरंसुद्धा वाचवून ठेवता?"

"थंडी बघितलीस ना इथली? तोंड फार वेळ उघडं ठेवून चालत नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून दर रविवारी दोन पाने, असा नेम झाला. 'फ'च्या पानावर तिला 'फ्रो.ओ.मे.' भेटले. फ्रोन ओक मेद, म्हणजे अमुक दिवसापासून, तो दिवस धरून. ते तिने दहादा घोकले, कारण गिरणीची सुटी अमुक तारखेपासून, हे तसेच लिहीत. 'स'च्या पानावर 'सो.का.' आले, म्हणजे तथाकथित. आउनेने कपात डोकावून पाहिले आणि गंभीर चेहऱ्याने विचारले, "मग ही सो.का. कॉफी का, बाई?" बाईंची कॉफी खरोखरच पाणचट असे. दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा रविवार तोच.

'स'नंतर माझे एकच पान उरले होते. त्यावर 'त', जो स्वीडिश वर्णमालेत 'स'च्या नंतर येतो, आणि पुढची सगळी अक्षरे. त्याच्या मागची बाजू कोरी होती.

ते पान शिकायचे राहून गेले, आणि त्याला कारण झाली तळघरातली धुण्याची खोली. आमच्याकडे सगळ्या इमारतीचे एकच यंत्र असते आणि दारावरच्या तक्त्यात आपली वेळ आधी लिहावी लागते. एकाची वेळ दुसऱ्याने घेणे यासारखा गुन्हा नाही. आउनेने गुरुवारपुढे 'ए.मि.' लिहिले आणि सकाळीच टोपली घेऊन खाली उतरली. फिनलंडमध्ये 'ए' म्हणजे एन्नेन, आधी. 'मि' म्हणजे मध्यान्ह, म्हणून तिने सरळ अर्थ लावला, मध्यान्हीच्या आधी. स्वीडिशमध्ये मात्र 'ए' म्हणजे नंतर. मी वर तिच्या फळीवरच होते. पण एवढे तर मला येते, असे म्हणून तिने मला उघडलेच नाही.

सकाळची वेळ नेमकी हिल्दुरबाईंची होती. त्या आल्या तेव्हा त्यांच्या भिजवलेल्या चादरी बाजूला काढलेल्या आणि यंत्रात आउनेचे कपडे. बाईंमधली मास्तरीण जागी झाली. त्यांनी तांबडी पेन्सिल काढून तक्त्यावरच्या चुकीला गोल केला.

"ए म्हणजे नंतर! पहिलीतल्या पोरांना कळतं गं हे!"

"आमच्याकडे ए म्हणजे आधी!"

"मग धू की तुझे कपडे तुमच्याकडे जाऊन!"

जिन्यात तीन बायका उभ्या होत्या. त्यांतली एक फिसकन हसली. बाईंचा चेहरा लगेच उतरला, शब्द परत घ्यावासा वाटला असावा. पण सुटलेला बाण कुठे परत येतो?

आउने तरातरा वर आली. तिने मला उघडले आणि शेवटचे पान टर्रकन फाडले. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले, 'मला तुमची शिकवणी नको.' आणि खाली जाऊन बाईंच्या दाराच्या फटीतून ते आत ढकलले. माझी शिवण उसवली. पण मला जास्त दुखले ते याचे, की मी तिला शिकवलेल्या भाषेत ती पहिल्यांदाच एकही चूक न करता लिहीत होती, आणि ते असे.

सात महिने दोघी एकमेकींना जिन्यात टाळत राहिल्या. आउने दोनदा बन भाजून बाईंच्या दारापर्यंत गेली, आणि दोनदा तशीच परत आली.

मग एका मंगळवारी पत्र आले. बाई पडल्या होत्या, खुब्याचे हाड मोडले होते. थरथरत्या अक्षरात चारच ओळी.

'आउने, मी इस्पितळात आहे, वॉर्ड चार. चूक माझी होती. भेटता येईल ति.ओ.मे. शुक्रवार. ये. हि.'

आउने पत्र छातीशी धरून रडली. मग तिने घाईने मला काढले. 'स'चे पान उलटले, आणि पुढे नुसता पुठ्ठा. ती बराच वेळ त्या फाटक्या कडेवरून बोट फिरवत बसली. समोरच्या घरात बस चालवणारा टोर्स्तेन राहत असे. ती उठली, त्याच्या दारापुढे जाऊन उभी राहिली, हात वर केला. आतून हसण्याचा आवाज आला, पाहुणे असावेत. तिने हात खाली घेतला.

"ओ.मे. तर तेच आहे," ती परत येऊन पुटपुटली. "म्हणजे शुक्रवारपासून. आधी भेटू देत नसतील."

नाही गं आउने, नाही! मी ओरडले असते, पण पुस्तकाला कंठ नसतो. जे पान गेले, त्यावरचे सांगण्याचा हक्कही मला उरला नव्हता.

शुक्रवारी गिरणीत पाळी होती. शनिवारी सकाळी तिने बन भाजले, मला पिशवीत घातले आणि इस्पितळ गाठले. चौथ्या वॉर्डातली खाट रिकामी होती. परिचारिका चादर घडी करत होती.

"हिल्दुरबाई? त्यांना काल संध्याकाळी भाचीनं नेलं. दूर लुलेओला, तिच्या घरी. तुम्ही आउने का?" तिने बनांच्या पिशवीकडे पाहिले. "अहो, कधीची टोपी घालून दाराकडे बघत बसल्या होत्या त्या. गाडीवाल्याला दोनदा थांबवलं. आणखी दहा मिनिटं, म्हणाल्या, ती पाळी सुटली की येईल."

घरी परतल्यावर आउनेने टोर्स्तेनचे दार वाजवले.

"ति.ओ.मे.? तिल ओक मेद. पर्यंत. तो दिवस धरून," तो म्हणाला. "एवढंच ना? अगं, मग विचारायचंस की!"

तिने बाईंना मोठे पत्र लिहिले. तीन आठवडे लिहीत होती. एकही शब्द आखूड केला नाही. उत्तर भाचीचे आले. मावशी पत्र पोचण्याच्या दहा दिवस आधी वारली, त्यामुळे ते वाचून दाखवता आले नाही, क्षमा असावी.

त्यानंतर आउनेने माझी शिवण नीट केली, पुठ्ठा चिकटवला, आणि आजतागायत ती मला जपते. पण असे जपले जाण्यात मला सुख नाही. रागाच्या एका क्षणात तिने एक पान फाडले, हे मी कधीच माफ केले आहे. मला खंत वाटते ती माझ्या जुन्या अभिमानाची. मी आहे तोवर कोणाला विचारायला नको, असे मीच मानत आले, आणि तिलाही तेच शिकवत आले.

मित्रांनो, पुस्तके जपा, पाने फाडू नका, हे तर मी सांगेनच. पण कधी हवे ते पान सापडले नाही, तर लाजून अंदाज बांधत बसू नका. आत पाहुणे असोत, कोणी हसो, दार वाजवा. हसे झाले तर ते संध्याकाळपर्यंत विसरले जाते. तिकडे कोणीतरी टोपी घालून तुमची वाट पाहत असेल, आणि गाडी तिसऱ्यांदा थांबणार नाही.