तीनचा भोंगा

बेचाळीस सालच्या मे महिन्यात आमच्या नदीवर भोंगा बसला, आणि एका रविवारी त्यापायी पाच माणसं जाता जाता राहिली. दोष भोंग्याचा नव्हता. डोंगरावरच्या तळ्यातलं पिण्याचं पाणी रोज तीनला नदीतून खालच्या गावांना सोडत, आणि मुंबईचे हौशी लोक नेमके त्याच कोरड्या पात्रात डबे उघडून बसत. त्यांनी वेळेत उठावं म्हणून भोंगा.

त्या दिवशी तात्या मास्तर बायको उमा आणि दोन मुलांना घेऊन भिवपुरी स्टेशनवर उतरले. टोपल्या उचलायला त्यांनी आमच्या गावातल्या सुंदराची वीस वर्षांची लेक कोंडी घेतली. ते पात्रात सतरंजी टाकून बसले, तेव्हा सुंदरा पलीकडच्या काठावर धुणं धूत होती. मधे डोह, आणि तिला पोहता येत नव्हतं.

भोंगा वाजला. आमची म्हातारी माणसंसुद्धा झटकन काठावर चढली. पण लढाईमुळे मुंबईत त्या साली भोंगा म्हणजे शत्रूचं विमान आलं, आणि मास्तरांनी बॉम्बपासून वाचायचा सराव मन लावून केलेला. त्यांनी खिशातला कापूस सगळ्यांच्या कानांत कोंबला आणि काठाखालच्या घळीत सगळ्यांना पालथं पाडलं. कोंडी सांगत होती, "मास्तर, पानी येतंय, वर चला." मास्तरांनी तिलाही खाली ओढलं.

"लुगडं दिसेल वरून. पडून राहा."

ओरडून ओरडून सुंदराचा घसा बसला. कापसातून काय ऐकू जाणार! पाणी पोचायला एक विडी ओढून होईल एवढाच वेळ होता. तिने दगड उचलला, मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर नेम धरला, आणि हात वळवून कोंडीला मारला.

कोंडीच्या डोक्यातून रक्त आलं. मास्तरांना वाटलं, बॉम्बचा तुकडा लागला. भला माणूस, तिला वाचवायला सरळ तिच्या अंगावर आडवा पडला. आता ती हलूही शकेना.

वरच्या वळणावर दगड गडगडू लागले. सुंदराने दुसरा दगड मास्तरांच्या पाठीत घातला. तिसराही. तेव्हा ते कळवळून उठले, बाई दगड मारतेय हे पाहून संतापले, आणि जाब विचारायला कानातला कापूस उपटला. पाण्याचा आवाज तेव्हा कुठे त्यांच्या कानांत शिरला. त्यांनी मुलांना उचललं, कोंडीने उमाबाईंना ओढलं. सगळे काठावर पोचले आणि मागे घळ भरली. डबे, चपला, सतरंजी सगळं गेलं.

संध्याकाळी सुंदरा लेकीच्या जखमेत हळद भरत होती.

"आये," कोंडी म्हणाली, "मास्तर समोर व्हता. पयला दगड मला का मारलास?"

सुंदराने आणखी एक चिमूट हळद जखमेवर दाबली.

"त्याला मारला असता तर फौजदाराच्या कचेरीत नेलं असतं मला. तुला मारून कोन इचारनार व्हतं?"

कोंडीने आईचा हात बाजूला केला आणि उरलेली हळद स्वतःच लावली.