सोडलेलं पाणजांभूळ

वैशाख सरत आला की कृष्णेच्या पात्रात खडकांमधली पाणजांभळाची झुडपं काळ्या फळांनी लगडतात. पाऊस लागून पाणी चढलं की सगळं वाहून जातं, म्हणून आम्ही सासू-सुना गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ती तोडतो आणि वाईच्या बाजारात नेतो. स्वतः मात्र खात नाही.

माझा नवरा नाथाजी पलटणीबरोबर मलायाला गेला आणि लढाईत बेपत्ता झाला. तेव्हा सासूनं हे फळ सोडलं, कारण ते त्याच्या आवडीचं. तो परत आला की त्याच्या हातूनच खायचं. सोडताना तिनं माझ्याही हातावर पाणी घातलं; मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मी जेमतेम एक पावसाळा त्याच्याजवळ नांदलेली. खरं सांगायचं तर त्याचा चेहराही मला नीट आठवेनासा झाला होता, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. बायका चिडवायच्या, "अंजने, टाक की एक तोंडात. कोन बगतंय?" त्यांचा राग यायचा. पण मी कधी टाकलं नाही.

यंदा लढाईवरची माणसं घरी येऊ लागली. परवा शेजारच्या गावचा लालासाहेब आला. नाथाजीच्याच पलटणीतला. सोप्यात मान खाली घालून बसला.

"नदी उतरताना माझ्या मागंच हुता, काकी. वळून बगितलं तवा न्हवता."

सासू रडली नाही. "च्या घे बाबा, निवंल," म्हणाली आणि चुलीपाशी गेली. मीही भाकरी थापत राहिले.

आज सकाळी आम्ही नेहमीसारख्या नदीवर गेलो. पाण्यात उतरून फळं तोडायला लागलो. फांदी सोडून मी सहज वर पाहिलं, तर सासूचे ओठ जांभळे झालेले.

"आत्याबाई, आवं, हे काय केलंसा?"

चुकून तोंडात गेलं म्हणाली असती, तर मी लगेच मानलं असतं. तिनं बी पाण्यात थुंकली आणि ओंजळ माझ्यापुढं केली.

"घे. तूबी खा."

"ते यायचं हायेत अजून," मी म्हणाले. बोलायला हवं म्हणून बोलले.

ती ओंजळ तशीच धरून उभी राहिली. मी एक उचललं आणि खाल्लं. काहीच वाटलं नाही. फळ गोड होतं.

मग मी आणखी एक मागितलं.