शनिवारचं तीर्थ

शनिवारी सकाळी नाशिकच्या मोटारस्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीच्या मधोमध रंगनाथची सर्व्हिस मोटार चालू होती, आणि तरी गप्प होती. एरवी ही मोटार विंचूरहून निघाली की निफाडला कळायचं. आज स्टँडवर आलेल्या तैलानंद नावाच्या महाराजांनी आपल्या घागरीतलं चंबूभर अभिमंत्रित तेल इंजिनात ओतलं आणि तिची खडखड बसली.

"इंजिनाच्या मानेवर शनी बसला होता, बेटा. उतरवला," महाराज म्हणाले. "आता आतलं तेल सगळं काढ आणि घागरभर हे घाल. वर्षभर बदलायला नको, मिस्त्री नको."

"रंगनाथराव, जरा थांबा," कादर मिस्त्री म्हणाला. देवळालीच्या लष्करी लॉऱ्यांवर त्याचा हात बसला होता. "मोटारीबरोबर पुस्तक आलंय. थंडीला कोणतं तेल, उन्हाळ्याला कोणतं, नंबरासकट दिलंय."

"पुस्तक विलायतेतलं. त्यांना शनी काय ठाऊक?" महाराज म्हणाले.

लोक हसले. रंगनाथनं जुनं तेल काढायला पाना उचलला.

एवढ्यात त्याची बायको भागीबाई मारुतीला तेल वाहून परतत होती. शनिवारचा उपास, पायांत वहाणा नाहीत. घर या एका मोटारीवर चाललेलं, म्हणून ती थबकली. घागरीजवळ गेली आणि तिच्या नाकानं ओळख पटवली. चार मुलांची नाकं दाबून जे पाजलं, ते तिला कसं चुकणार?

पण ती ओरडली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून हळूच म्हणाली, "महाराज, हे तीर्थच ना?"

"साक्षात! यंत्रालाही, माणसालाही."

"मग आधी आपण घ्यावं. आमच्यात तीर्थ थोरांपासून सुरू होतं." तिनं पूजेचं फुलपात्र घागरीतून काठोकाठ भरलं.

"आज माझा कडक उपास आहे, माई."

"तीर्थानं उपास मोडत नाही, महाराज. मी इतकी वर्षं करतेय."

लोक बघत होते. महाराज फुलपात्राकडे बघत होते.

"घ्या आणि मोटारीत पुढं बसा," भागीबाई म्हणाली. "विंचूरपर्यंत जाऊन येऊ. पीडा गेलीच आहे, म्हणजे वाटेत कुठं थांबायचं कारण नाही."

"काहीतरीच काय, बाई! एवढं एरंडेल पिऊन मोटारीत कोण बसेल?"

बोलून गेल्यावर महाराजांनी जीभ चावली. हसता हसता एकाची टोपी पडली. ती तो उचलेपर्यंत महाराज घागर तिथंच टाकून गोदाकाठाच्या गर्दीत दिसेनासे झाले.

"पण आवाज बसला तो कसा?" रंगनाथनं ओशाळून विचारलं.

"एरंडेल दाट," कादर म्हणाला. "झिजलेल्या भागांच्या फटीत बसतं, म्हणून खडखड दबते. झीज आहे तिथंच राहते. शिवाय हे आतल्या तेलात मिसळत नाही. चार दिवसांत चिकटा धरून नळ्या बुजवेल. मग पहाटेच्या गारठ्यात तुम्ही हँडलला लोंबकळा, मोटार काही उठायची नाही."

त्यानं सगळं तेल काढलं आणि पुस्तकातला नंबर डब्याशी ताडून नवं ओतलं. मोटार पुन्हा खडखडू लागली.

"खडखडू दे," भागीबाई म्हणाली. "निदान दुखतंय कुठं ते सांगते तरी." मग ती लोकांकडे वळली. "मी दर शनिवारी मारुतीला तेल वाहते, पुढंही वाहीन. पण मोटारीला कोणतं तेल लागतं, हे मी त्याला विचारत नाही. ज्यानं मोटार बनवली त्यानं ते लिहून ठेवलंय. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला विचारा. आणि कुणी तीर्थ म्हणून काही दिलं, तर आधी वास घ्या."

त्या दिवशी मोटार निघाली, ती निफाडला कळली.